मढविलेले पान आणि स्वामित्वहक्क

जुन्या मासिकांची मुखपृष्ठे व सचित्र पाने वेगळी करून, ती काचेखाली मढवून विकण्याचा व्यवसाय अलीकडे बराच रूढ झाला आहे. ज्या दिवाणखान्यांत पूर्वी देवादिकांच्या तसबिरी लागत, तेथे आता एखाद्या दिवाळी अंकाचे जुने मुखपृष्ठ किंवा साबणाची, केशतेलाची पन्नास-साठ वर्षांपूर्वीची जाहिरात टांगलेली दिसते. जुन्याविषयीचे हे प्रेम वाईट म्हणता येणार नाही. जे पान रद्दीच्या गठ्ठ्यातून लगद्याच्या कारखान्यात जावयाचे, ते भिंतीवर राहून दोन पिढ्यांच्या दृष्टीस पडते, हा त्यातल्या त्यात लाभच आहे.

परंतु हा व्यवहार आता आपल्या संस्थांच्या दाराशीही येऊन ठेपला आहे. गेल्या वर्षी आमच्या संस्थेच्या कार्यकारी मंडळापुढे एका सभासदाने सूचना मांडली की, ग्रंथालयात दिवाळी अंकांच्या ज्या दुबार प्रती पडून आहेत, त्यांतील चांगली पाने मढवून वार्षिकोत्सवात विकावी आणि येणारी रक्कम ग्रंथनिधीस द्यावी. सूचना येताच दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे असे की, अंक आपण पैसे मोजून घेतले आहेत, त्यांचे काय करावे हे विचारणारा दुसरा कोण? दुसऱ्याचे म्हणणे असे की, चित्रकाराच्या अनुमतीवाचून त्याचे चित्र विकणे हा गुन्हा आहे, तेव्हा या फंदात पडूच नये. निर्णय होईना, म्हणून कायदा पाहून टिपण सादर करण्याचे काम मजकडे आले. ते टिपण करताना ध्यानी आले की, दोन्ही पक्ष अर्धे खरे होते. आणि ज्या एका भेदाची ओळख नसल्यामुळे हा वाद झाला, तो भेद शिक्षकांस व संस्थाचालकांस माहीत असणे अगत्याचे आहे. म्हणून त्या टिपणाचा विस्तार येथे करीत आहे.

कागद आणि कृती

तो भेद असा. मासिकाचे पान हातात घेतले असता आपल्या हातात दोन गोष्टी असतात. एक, शाई लागलेला कागद. दुसरी, त्या कागदावर प्रकट झालेली चित्रकाराची वा लेखकाची कृती. कागद ही वस्तू आहे. ती पाटाप्रमाणे किंवा पंचपात्राप्रमाणे विकता येते, देता येते, वारसांकडे जाते. कृती ही वस्तू नव्हे. तिच्या प्रती काढण्याचा जो अधिकार, त्यास आपण स्वामित्वहक्क म्हणतो. शासकीय परिभाषेत त्यास प्रताधिकार असा शब्द आहे. अंक विकत घेणारा कागदाचा धनी होतो. प्रती काढण्याच्या अधिकाराचा एक कणही त्याजकडे येत नाही. उलटपक्षी, तो अधिकार ज्याच्याकडे आहे त्याला विकल्या गेलेल्या कागदावर धनीपण सांगता येत नाही.

आपला कायदा १९५७ सालचा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला आणि पुढे त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. त्याच्या १४व्या कलमात हक्कधारकाचे अधिकार सांगितले आहेत. त्यांत कृतीची पुनर्निर्मिती करणे हा एक अधिकार आहे व तिच्या प्रती लोकांत प्रसृत करणे हा दुसरा. मात्र या दुसऱ्या अधिकारास एक मर्यादा जोडलेली आहे: ज्या प्रती अगोदरच प्रसृत झाल्या आहेत त्यांना तो लागू नाही, आणि एकदा विकली गेलेली प्रत ही प्रसृत झालेलीच प्रत समजावी, असे त्या कलमाखालील स्पष्टीकरण म्हणते. लेखांच्या बाबतीत हा नियम आहे, तसाच चित्रांच्या व छायाचित्रांच्या बाबतीतही आहे. जुन्या पुस्तकांची दुकाने ज्या आधारावर चालतात, तो आधार हाच. तेव्हा मूळ छापील पान, जसेच्या तसे, पुन्हा विकण्यास कोणाची अनुमती घ्यावी लागत नाही. चित्रकार हयात असो वा नसो, हक्काची मुदत सरलेली असो वा नसो, मूळ पानाच्या पुनर्विक्रीत त्याने फरक पडत नाही.

येथवर पहिल्या पक्षाचे म्हणणे खरे. पण त्याच पानाची रंगीत झेरॉक्स काढून ती मढविली, किंवा पान स्कॅन करून त्याचे वीस मोठे ठसे छापून घेतले, की आपण कागदाच्या प्रांतातून कृतीच्या प्रांतात पाऊल टाकले. तेथे हक्काची मुदत संपलेली असली पाहिजे किंवा हक्कधारकाची अनुमती असली पाहिजे. तिसरा मार्ग नाही. दिनदर्शिका, शुभेच्छापत्रे, चहाचे पेले, कापडी पिशव्या यांवर ती चित्रे उतरवणे हे सर्व याच सदरात येते. संस्थेचा हेतू धर्मार्थ आहे, या सबबीने अनुमतीची आवश्यकता टळत नाही.

काचेमुळे नवी कृती होते काय?

कोणी शंका घेईल की, अंक फाडून पान वेगळे करणे व ते मढविणे हाच मूळ कृतीत फेरफार नव्हे काय? ही शंका पोकळ नाही. परदेशांतील न्यायालयांपुढे असे प्रश्न प्रत्यक्ष आले आहेत, आणि त्यांची उत्तरे एकसारखी मिळालेली नाहीत.

अमेरिकेत एका व्यापारी संस्थेने पॅट्रिक नेगल या चित्रकाराच्या चित्रांचे पुस्तक विकत घेऊन त्याची पाने कापली, चिनी मातीच्या फरशांवर चिकटवली आणि त्या फरशा विकल्या. १९८८ साली तेथील नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने हा हक्कभंग ठरविला; मूळ चित्रावरून नवी कृती तयार केली, असे त्याचे म्हणणे पडले. पुढे त्याच संस्थेने ॲनी ली या चित्रकर्त्रीची छापील कार्डे तशाच रीतीने फरशांवर बसविली. १९९७ साली सातव्या विभागाच्या न्यायालयाने नेमका उलट निर्णय दिला. फरशीवर चिकटविल्याने चित्र बदलत नाही. तसे मानले तर चित्राची चौकट बदलणारा प्रत्येक मनुष्य अपराधी ठरेल, हा त्या निकालातील युक्तिवादाचा गाभा होता. विशेष हे की, मढविण्याची साधी क्रिया ही सर्वमान्य व निर्दोष आहे, हे गृहीत धरूनच तो युक्तिवाद उभा राहिला.

कॅनडात क्लोद तेबेर्ज या चित्रकाराच्या छापील भित्तिचित्रांची शाई रासायनिक क्रियेने कागदावरून उचलून कॅनव्हासवर उतरविण्यात आली. मूळ कागद कोरा राहिला, म्हणजे प्रतींची संख्या वाढली नाही. या कारणास्तव २००२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी विक्रेत्यांच्या बाजूने कौल दिला. युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे २०१५ साली असाच प्रसंग आला, तेव्हा त्याने मात्र विरुद्ध निर्णय दिला. विक्रीने हक्क संपतो तो त्या विशिष्ट वस्तूपुरता. कागदाच्या जागी कॅनव्हास आला की ती वस्तू निराळी झाली, असे ते न्यायालय म्हणाले.

हे निर्णय आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण त्यांतून शहाणपण घेता येते. कागद कागदच राहिला, चित्र जसेच्या तसे राहिले आणि भोवती केवळ पुठ्ठा, काच व लाकूड आले, तर वादास जागा उरत नाही. चित्र एका पृष्ठावरून उचलून दुसऱ्यावर नेले, त्यावर रंग चढविला, चार चित्रांचे तुकडे जुळवून पाचवे केले, की वाद सुरू होतो. आपल्या कायद्यात 'रूपांतर' या शब्दाची व्याख्या बरीच व्यापक आहे. कोणत्याही कृतीची फेरमांडणी किंवा तीत फेरफार करून केलेला उपयोग तीत येतो. म्हणून मढवावे, पण चित्राला हात लावू नये, हाच नियम पाळणे श्रेयस्कर.

मुदतीचा हिशेब

ज्यांना मूळ पान न विकता त्याची प्रत काढावयाची आहे, त्यांना मुदतीचा हिशेब आला पाहिजे. लेखक वा चित्रकार यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कृतीवर, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे हक्क चालतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकुरांचे निधन १९४१ साली झाले. त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत आला, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली.

काही परिचित नावे घेऊन पाहू. राजा रविवर्मा १९०६ साली निवर्तले. त्यांची चित्रे केव्हाच सर्वांची झाली. रावबहादूर धुरंधर १९४४ साली गेले. त्यांच्या चित्रांवरील हक्क २००४ अखेर संपला. सावळाराम हळदणकरांचे निधन १९६८ चे, म्हणून त्यांच्या चित्रांची मुदत २०२८ अखेरपर्यंत. गोव्याच्या मातीने महाराष्ट्राला दिलेले दोन लोकप्रिय चित्रकार म्हणजे दीनानाथ दलाल व रघुवीर मुळगावकर. दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला आणि दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला मराठी घरात मानाचे स्थान मिळवून दिले. ते १९७१ साली वारले. त्यांचा हक्क २०३१ अखेर सरेल. मुळगावकर १९७६ साली गेले. त्यांचा २०३६ अखेर. वसंत सरवटे यांचे निधन २०१६ चे; त्यांच्या व्यंगचित्रांची मुदत २०७६ पर्यंत पोहोचते. म्हणजे मढविण्यास लोक ज्यांची पाने सर्वांत अधिक शोधतात, त्यांच्या चित्रांवर हक्क अजून चालू आहे.

मजकुराचेही तसेच. हरिभाऊ आपटे आणि गडकरी दोघेही १९१९ साली गेले. त्यांचे लेखन कोणीही छापावे. साने गुरुजींचे निधन १९५० चे, म्हणून २०१० नंतर त्यांचे साहित्य मोकळे झाले. खांडेकरांचे लेखन मात्र २०३६ अखेरपर्यंत व पु. ल. देशपांडे यांचे २०६० अखेरपर्यंत संरक्षित आहे.

निनावी किंवा टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीची मुदत प्रकाशनापासून मोजतात. तीही साठ वर्षेच. पण त्या अवधीत खरे नाव उघड झाले, तर हिशेब पुन्हा मृत्यूच्या वर्षावर जातो. स्वाक्षरी नसलेली जुनी जाहिरात बहुधा या सदरात मोडते. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निनावी चित्राची मुदत २०२० अखेर संपली. जाहिरातीच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. चित्रावरील हक्क संपला, तरी त्यावरील व्यापारचिन्ह नोंदणीच्या नूतनीकरणाने पिढ्यान् पिढ्या जिवंत राहू शकते. मूळ पान विकण्यास त्याने बाध येत नाही. पण ते चिन्ह आपल्या मालावर छापून जणू त्या कंपनीनेच हे काढले आहे असा भास निर्माण करणे गैर होय.

छायाचित्रांचा नियम मध्यंतरी बदलला. पूर्वी त्यांची मुदत प्रकाशनापासून मोजली जाई. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम गळले आणि छायाचित्रकारासही चित्रकाराप्रमाणेच आयुष्यभर व त्यापुढे साठ वर्षे हक्क मिळाला. १९५१ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांची मुदत त्या दुरुस्तीपूर्वीच भरून गेली होती, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

एका पानाचे अनेक धनी

प्रत काढण्याची अनुमती घ्यावयाची ठरल्यास ती कोणाकडून घ्यावी? पुष्कळांस वाटते की, मासिकाच्या मालकाचे पत्र आणले म्हणजे काम झाले. तसे नेहमीच नसते. एकाच पानावर कथा एकाची, रेखाचित्र दुसऱ्याचे, कोपऱ्यातील छायाचित्र तिसऱ्याचे व तळाची जाहिरात चौथ्याची असू शकते. १७व्या कलमाप्रमाणे, मासिकाच्या नोकरीत राहून मासिकासाठी केलेल्या कृतीवर मालकाचा हक्क असतो, पण तो नियतकालिकात प्रसिद्ध करण्यापुरता. इतर सर्व बाबतींत, वेगळा करार नसेल तर, हक्क कर्त्याचाच राहतो. जो नोकर नाही व मानधन घेऊन कथा किंवा लेख देतो, त्याने लेखी करून दिल्यावाचून त्याचा हक्क मासिकाकडे जात नाही. एखाद्याने मोबदला देऊन चित्र काढवून घेतले असेल तर मात्र, विरुद्ध करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याकडे हक्क जातो. म्हणून मुखपृष्ठाच्या बाबतीत प्रकाशक व चित्रकाराचे वारस या दोघांनाही विचारणे हाच सुरक्षित मार्ग. हक्क लेखी व स्वाक्षरीसह दिला जावा लागतो. तोंडी 'छापा खुशाल' एवढ्यावर विसंबू नये.

अनुमतीवाचून प्रती काढून विकणे ही केवळ दिवाणी बाब नव्हे. ६३व्या कलमात जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले आहे.

शिक्षकबंधूंसाठी एक खुलासा. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने कृतीची प्रत काढणे ५२व्या कलमाने निर्दोष ठरविले आहे. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्सच्या प्रकरणात तेथील उच्च न्यायालयाने २०१६ साली या सवलतीचा उदार अर्थ लावला. दलालांचे चित्र वर्गात दाखविण्यासाठी त्याची प्रत काढली तर काही बिघडत नाही. पण तीच प्रत शाळेच्या आनंदमेळ्यात मढवून विकली, तर ते अध्यापन राहत नाही.

चित्रकाराचे नाव

कायद्याचे ५७वे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हक्क विकून टाकल्यावरही कर्त्याजवळ दोन गोष्टी उरतात: ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा अधिकार, आणि आपल्या लौकिकास बाध येईल अशी तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे भव्य भित्तिशिल्प १९७९ साली उखडून काढण्यात आले व त्याची दुर्दशा झाली. त्या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा व पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. शिल्प सरकारच्या मालकीचे असूनही हा निर्णय झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मढविण्याच्या कामात याचा संबंध असा येतो. चित्रकाराची सही बहुधा चित्राच्या खालच्या कोपऱ्यात असते. चौकटवाला पुठ्ठ्याची खिडकी कापताना बेताशीर दिसावे म्हणून चारही बाजूंनी बोटभर आत येतो आणि नेमकी सही झाकली जाते. कायद्याने हा भंग ठरो वा न ठरो, कर्त्याचे नाव पुसून त्याची कृती विकणे आपल्यासारख्या संस्थेस शोभत नाही. खिडकी सहीच्या खाली कापावी, आणि चौकटीच्या पाठीवर मासिकाचे नाव, वर्ष, महिना, पृष्ठ व चित्रकाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावावी. त्याच चिठ्ठीवर 'मूळ छापील पान' असे स्पष्ट नमूद करावे. आणि प्रत असेल तर 'प्रत' असेही तितक्याच स्पष्टपणे. प्रत मूळ म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहे.

विक्रीची जाहिरात करताना चौकटीचे छायाचित्र घ्यावे लागते. चित्राचे छायाचित्र हीही एक पुनर्निर्मितीच. इंग्लंडच्या कायद्यात कलाकृतीच्या विक्रीची जाहिरात करण्यासाठी प्रत काढण्यास स्वतंत्र सवलत आहे. आपल्या ५२व्या कलमाच्या यादीत तशी सवलत नाही. म्हणून छायाचित्र लहान, कमी स्पष्टतेचे, संपूर्ण चौकट दिसेल असे व विक्री होताच काढून टाकले जाईल असे असावे. त्यावरून कोणी ठसा काढू शकेल असे ते असू नये.

पान आपले आहे काय?

आता ज्या प्रश्नाने या टिपणाचा आरंभ व्हावयास हवा होता, तो शेवटी घेतो. कागदाचा धनी कागद विकू शकतो. पण आपण धनी आहोत काय? १९३० च्या माल-विक्री कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की, विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क, त्याहून अधिक घेणाऱ्यास मिळत नाही. ग्रंथालयातून चोरलेले पान चार हात फिरून कितीही सुंदर चौकटीत बसले, तरी ते ग्रंथालयाचेच असते.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून मी शाळेच्या कार्यालयासाठी एक मढविलेले पान घेतले होते. पावसाळ्यात मागचा पुठ्ठा फुगून सुटला, म्हणून तसबीर उघडली, तो पानाच्या पाठीवर एका सार्वजनिक वाचनालयाचा लंबगोल शिक्का अर्धा कापलेला आढळला. वाचनालयास पत्र लिहिले. त्यांनी बांधीव खंड उघडून पाहिला, तो तेवढेच पान पात्याने उतरविलेले. पान परत पाठविले. ते पाठविण्यापूर्वी मागची बाजू वाचली. तेथे एका कथेचा शेवट होता. चित्र माझ्या भिंतीवर होते तोवर, त्या वाचनालयातील ती कथा शेवटावाचून पडून होती, आणि ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

विक्रेत्याने ते पान बहुधा रद्दीच्या बाजारातूनच घेतले असावे. त्याला दोष देत नाही. पण त्या दिवसापासून मला वाटू लागले की, या व्यवहारात कायदा ज्याचे रक्षण करतो त्याहून, ज्याचे रक्षण करीत नाही त्याची चिंता आपण अधिक वाहावी. चित्रकारास कायद्याचे संरक्षण आहे, प्रकाशकास आहे, ग्राहकास आहे. आपल्या मालकीचा अंक कात्रीपासून वाचविणारे कलम मात्र स्वामित्वहक्काच्या कायद्यात नाही. आणि महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या संस्थांत ही बाब विशेष नाजूक आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी या ठिकाणी पिढ्यान् पिढ्या टपालाने येत गेलेल्या मासिकांच्या फायली हा तेथील मराठी वाचनाचा पुरावा आहे. 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा कोणत्याही एका ठिकाणी अखंड सापडणे दुर्मिळ. आपण ज्यास दुबार प्रत म्हणतो, ती दुसऱ्या गावच्या कपाटातील रिकामी जागा असू शकते.

आमच्या मंडळाने अखेर जो ठराव केला, तो इतर संस्थांस उपयोगी पडेल म्हणून येथे देतो. दुबार प्रतींची यादी प्रथम इतर ठिकाणच्या मराठी ग्रंथालयांस पाठवावी. ज्यांना जो अंक हवा असेल तो टपालखर्चाने द्यावा. उरलेल्या प्रतींपैकी पूर्ण व धड असलेला अंक फाडू नये. ज्याची पाने आधीच गळाली आहेत किंवा जो वाळवीने खाल्ला आहे, त्याचीच पाने मढविण्यास घ्यावी. त्या अंकाची दाखल नोंदवहीत रीतसर रद्द नोंद करावी व प्रत्येक पानाच्या पाठीवर तसा शिक्का मारावा, म्हणजे पुढे कोणास चोरीची शंका येणार नाही. पान मढविण्यापूर्वी दोन्ही बाजूंची प्रत ग्रंथालयाच्या संग्रहासाठी ठेवता येते काय, हे मुदत पाहून ठरवावे. निदान पाठीमागच्या मजकुराची नोंद तरी घ्यावी. मूळ पानेच विकावी, ठसे काढू नयेत. आणि सही झाकू नये.

या अटींवर वार्षिकोत्सवात जी पाने विकली गेली, त्यांची संख्या फार नव्हती आणि ग्रंथनिधीत पडलेली भरही बेताचीच होती. पण यादी पाठविल्यावर दोन ठिकाणांहून उत्तरे आली आणि सात अंक त्यांच्या फायलींतील रिकाम्या जागी जाऊन बसले. सूचना मांडणाऱ्या सभासदानेच त्यांची पुडकी बांधून टपालात टाकली.